जाळी कोणी काढली

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे. डाव्या हाताला अजून वळण लागलेलं नाही. तुमच्या छापखान्यात कागद कापताना मशीनने माझ्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, त्याला वीस जूनला तीन वर्षं होतील. वकीलबाई म्हणाल्या, त्या दिवसापर्यंत दावा लावला नाही तर कोर्ट दारातही उभं करणार नाही.

पात्यापुढची जाळी कोणी काढली, एवढं खरं लिहून द्या. मग मी कोर्टाची पायरी चढणार नाही. सगळे कारागीर माझाच हलगर्जीपणा म्हणतात, ते सोसवत नाही.

आपली,
धाकटी

२८ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वकीलबाईंनी तुझे कान भरलेले दिसतात. सव्वीस जूनला माझ्या मुलीचं लग्न आहे. त्याआधी कोर्टकचेरी नको, नंतर बसून बोलू. तीन वर्षं थांबलीस, आणखी महिनाभर थांबलीस तर काय आभाळ कोसळणार आहे? आत्या म्हणून मिरवायला ये, फुगलेलं तोंड घेऊन येऊ नकोस.

तुझा,
दादा

२९ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद गृहीत धर.

लग्नाला आली नाहीस, बरंच झालं. वीस तारीख उलटली, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. जाळी मीच काढली. दर गठ्ठ्याला ती वरखाली करण्यात वेळ जायचा. तू नको म्हणाली होतीस, तेही आठवतं. आता त्याचा तुला काडीचा उपयोग नाही. उरलेल्या बोटांवर दिवस मोजत बस.

दादा

४ जुलै

ती. दादास,
एका हाताचा नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. वाचून रडले, खोटं कशाला सांगू.

तुमचं 'नंतर बघू' मला लहानपणापासून पाठ आहे. म्हणून लग्नानंतर बोलू असं तुम्ही कळवलंत, त्याच आठवड्यात, दोन जूनला, मी दावा दाखल केला. समन्स तुमच्या दारी अजून पोचायचंय.

वकीलबाईंना घोर एकच होता. जाळीबद्दल साक्ष द्यायला तुमचा एकही कारागीर तयार नव्हता. तीन वर्षं तुम्हीही ब्र काढला नाहीत, आणि मुदत संपली असं समजून सहीनिशी लिहून पाठवलंत. ते पत्र आज कोर्टात दिलं.

भाचीला आशीर्वाद सांगा. लोभ ठेवा किंवा ठेवू नका, तारखेला मात्र हजर राहा.

आपली,
धाकटी