स्वच्छ पिंजऱ्यातले डास

१४ सप्टेंबर १९१३

हात सुजून भोपळा! रोज सकाळी दहा मिनिटं पिंजऱ्यात घालायचा, डास जेवले की काढायचा — याला म्हणे प्रयोगशाळा. जव्हारच्या दवाखान्यामागची एक खोली, जाळीचे पिंजरे, एक सूक्ष्मदर्शक आणि आम्ही दोघं — मी आणि इथलाच गडी मंगळू. डॉक्टर हिवतापाचा शोध लावणार, रक्त माझं! चावतात त्या म्हणे माद्याच. मंगळू साखरशेत गावच्या भातखाचरांतून डासांच्या अळ्या आणतो, बरण्या धुतो. साठीचा माणूस, पण चढण माझ्याआधी चढतो.

डॉक्टरांची ताकीद — मंगळूचा हात पिंजऱ्यात नको. इथल्या माणसांच्या रक्तात हिवताप मुरलेला. अळ्यांपासून वाढवलेले, जंतू नसलेले स्वच्छ डास बिघडतील. हे त्याच्या तोंडावर कसं सांगू? 'तुझं रक्त चालत नाही' म्हणू? माझ्याच्यानं होईना. "ते काम मास्तरचं," एवढंच म्हटलं. मास्तर म्हणजे मी; मंगळू मला तसंच म्हणतो.

"मास्तर, तुज्या हातावर जागा नाय उरली," म्हणाला, आणि कसलासा पाला चोळून गेला.

१९ सप्टेंबर

कचेरीत पुन्हा अर्ज — आणखी एक माणूस द्या, आळीपाळीनं हात घालू. उत्तर तोंडीच: "डासांना जेवू घालायला माणूस? मोखाड्यात फुकट चावतात!" सगळी कचेरी हसली. मीही हसलो, काय करणार.

२२ सप्टेंबर

गंमतच! डास चावेनात. दोन-तीन आले, बाकीचे जाळीला चिकटून सुस्त. मंगळू म्हणतो, "तुजं रगत आंबट हाय."

आंबट तर आंबट. किती दिवसांनी न खाजवता जेवलो!

५ ऑक्टोबर

डॉक्टर भडकलेत. स्वच्छ पिंजऱ्यातल्या डासांच्या पोटात हिवतापाचे जंतू! माझं रक्त तपासलं — निर्मळ. मग आले कुठून?

१२ ऑक्टोबर

थंडी. तीन घोंगड्या.

१४ ऑक्टोबर

आता माझ्याही रक्तात जंतू दिसले. क्विनाईननं कान वाजतात. मंगळूनं पेज पाजली, पाय चेपले. आई गेल्यापासून माझं इतकं कुणी केलं नव्हतं. वेडा माणूस — तोंड फिरवून डोळे पुसत होता.

१९ ऑक्टोबर

बरं वाटलं म्हणून तासभर आधीच खोलीवर गेलो. दार ढकललं — मंगळू कोपरापर्यंत हात पिंजऱ्यात घालून बसलेला! "खा गं बायांनो, पोटभर खा. मास्तर आजारी हाय."

दारातूनच विचारलं, "कधीपासून?"

"तुजा हात सुजला तवापासून. तू यायच्या आदी भरवतो. पोट भरल्यावर कोण चावंल तुला?"

त्याच्याजवळ बसलो. सगळं सांगितलं. आज सांगितलं! महिन्यापूर्वी सांगायचं ते! तो हात काढायचाच विसरला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे तुला ताप मीच दिला?"

नाही रे बाबा. मी दिला. माझ्या भिडेनं दिला.

२० ऑक्टोबर

डॉक्टर गरजले — "जंतू दुसऱ्याच्या रक्तातूनच आले! पिंजऱ्यात हात कुणाचा होता? आजच्या आज हाकलतो त्याला!" मंगळू ओढ्यावर बरण्या धुवायला गेला होता, बरं झालं. म्हटलं, "मंगळूचा. मीच घालायला लावला. माझा दुखत होता."

अगदीच खोटं नाही. न सांगणं माझंच होतं.

२४ ऑक्टोबर

नोकरी गेली. मंगळूची राहिली. नवा मास्तर आला आहे, कोवळ्या हाताचा. ट्रंक घेऊन निघालो, तर मंगळू दारातच त्याला समजावत होता — "माजा हात नको, मास्तर. माज्या रगतात ताप हाय, तुज्या डासांना लागंल." अगदी सहज. जरासुद्धा न लाजता.