थेंब पडेपर्यंत

दि. ३ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, डावा डोळा सोडून. त्यातला दाब वाढलाय. रोज औषधाचा थेंब नीट पडला नाही तर नजर हळूहळू जाईल आणि गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

थेंब तुझी वहिनी घालायची. पण बाटलीच्या टोकाला थेंब लोंबताना दिसला की माझ्यातला पदार्थविज्ञानाचा निवृत्त मास्तर उठून बसतो. मी तिला समजावत होतो, की आतल्या रेणूला शेजारी सगळीकडून सारखेच ओढतात, म्हणून तो कुठेच जात नाही. पृष्ठभागावरच्याला मात्र बाहेरून ओढणारं कोणी नाही, म्हणून तो आत खेचला जातो. सगळेच असे खेचले गेले की थेंब अंग चोरून गोल होतो, आणि वजन या ओढीला भारी पडेपर्यंत पडत नाही. यालाच पृष्ठताण म्हणतात. हे मी हातवारे करून सांगतोय, तेवढ्यात थेंब कानात. पुन्हा पुन्हा असं झाल्यावर तिने बाटली माझ्या हातात ठेवली आणि तुमचा पृष्ठताण तुम्हीच सांभाळा म्हणाली. तेव्हापासून मीच घालतो. माझी मिशी, गाल आणि उशी यांची दृष्टी आता उत्तम आहे.

मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर दे, रागवायचं असेल तरी दे.
तुझा दादा

दि. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग हसू पळालं. अरे, शाळेतली मुलं तुझं ऐकायची, कारण तास संपायचा. वहिनीचा तास लग्नापासून संपलेला नाही. माफी मागायला जीभ रेटत नसेल तर नुसती बाटली पुढे कर, आणि थेंब पडेपर्यंत तोंड मिटून बस. मला तुझ्या डोळ्याची फार काळजी वाटते.

लोभ आहे तो राहू दे, भाषण नको.
तुझी धाकटी

दि. ४ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकायच्या आधी मी एक पराक्रम केला. बाटलीचं टोक स्वच्छ असावं म्हणून ते साबणाच्या पाण्याने धुवायला लागलो. साबण पृष्ठभागात शिरला की रेणूंची ओढ ढिली पडते, आणि नेम धरायच्या आत थेंब भलतीकडे गळतो. हेच मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. डोळा लालभडक झाला. दाब उतरला नव्हताच, उलट कडेची नजर थोडी गेली. साबणाची हकिकत ऐकून डॉक्टरीणबाईंनी माझा पूर्वीचा व्यवसाय विचारला. मी टपाल खात्यात होतो म्हणून सांगितलं.

घरी येऊन नवी बाटली तुझ्या वहिनीपुढे धरली. मला भीती वाटते, एवढंच म्हणालो आणि मान मागे टाकली. थेंब नेमका डोळ्यात पडला. मग रोजच मी गप्प आणि थेंब बरोबर. काल दाब उतरलेला निघाला. गेलं ते गेलं, पण उरलेली नजर टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आज थेंब घातल्यावर ती बाटली घेऊन तशीच बसून राहिली. म्हणाली, तुम्ही असे गप्प राहिलात की मला घर खायला उठतं. सांगा आता, तो गोल का होतो.

धाकटे, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, आज तूच सांग. मग तिनेच सगळं सांगितलं, आतल्या रेणूपासून, एकही चूक न करता.

तुझा दादा