तिचं काय करायचं?

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि दिवसेंदिवस म्हातारा होत चाललेल्या भावाचा नमस्कार. खुब्याचं हाड कितपत जुळलं? वॉकर घेऊन चालतेस, की अजून शेजारीणबाईंच्याच जिवावर आहेस? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे माझ्याशी कुणी धड बोलत नाही एवढंच. सूनबाईने फोनवर तुझे कान भरले असतील, तर आधी माझी बाजू ऐक.

त्या दिवशी माझ्या लाल स्पोर्ट्स कारने भर चौकात मान टाकली. (तुझ्या मते ती गाडी नव्हेच, चपटी बशी. असो.) चोक ओढला, लाडीगोडी लावली, तरी ढिम्म. शेवटी चिरंजीवांची एसयूव्ही आली आणि तिला दोरीने ओढत घरी घेऊन गेली. सगळा चौक बघत होता गं! ते धूड म्हणजे काय सांगू! सातजण बसतात, मागचं दार आपोआप लागतं, आणि पट्टा लावला नाही तर लावेपर्यंत कटकट करतं. चालवताना रस्ता म्हणून जाणवत नाही. माझ्या गाडीत प्रत्येक खड्डा मणक्याला ओळख देऊन जातो. (आत बसायला आता गुडघे तयार नसतात आणि बाहेर काढायला दोघं लागतात, हे तुला कुणीतरी सांगणारच.) पण खरं सांगतो, तिच्यात बसलो की मी अजून मी असतो. त्या धुडात नुसता आजोबा.

तर असा धुमसत मी जेवायला बसलो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिचं आता वय झालं. एकटं ठेवणं बरं नाही. काय करायचं तिचं?" मी मान वर न करता म्हणालो, "भंगारात काढा. नुसती जागा अडवते."

तुझ्या भावजयीचा घास हातातच राहिला, सूनबाई डोळे पुसत उठली. पुढे दोन-तीन दिवस कुणी बोलेना. मला वाटलं, माझ्या गाडीसाठी घर किती हळवं झालंय! मी गहिवरून एकेकाची समजूत काढत फिरलो, की एवढं मनाला लावून घेऊ नका, तिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. शेवटी तुझी भावजय कडाडली, "अहो, तो ताईंबद्दल विचारत होता!"

ताई, कुठे तोंड लपवू असं झालं. सख्ख्या बहिणीला मी भंगारात काढलं, आणि वर तिचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सांगत फिरलो. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. क. – रविवारी चिरंजीव ते धूड घेऊन तुला न्यायला येतील. त्यात तुला आडवं झोपवूनही आणता येतं. माझ्या गाडीत तुझा वॉकरसुद्धा मावला नसता, हे मी नाइलाजाने लिहितोय.

आणखी एक ता. क. – तुला जिना झेपायचा नाही, म्हणून खालच्या गॅरेजची खोली करायची ठरवली. गाडी काल गेली. नेणारा माणूस भला दिसला. त्याने किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाली, लबाड! ती वळणाआड गेल्यावर मी त्या रिकाम्या जागेत दार लावून रडलो. आता तूही "नको रे, मी आहे तिथे बरी" म्हणालीस, तर त्या खोलीत मी काय ठेवू? ये.