सदतिसावा फोटो

रविवार, ९ मार्च

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझे केस माझ्याआधी पिकले, तरी मोठेपणाचा हा एवढा हक्क मी सोडणार नाही. बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो, पण भूक चांगली आहे. रोज सकाळी मी चहा नेऊन देतो आणि ते विचारतात, "चिंगीचं पत्र आलं का?" काल म्हटलं, "चहा कसा झालाय ते तरी सांगा." तर म्हणाले, "नेहमीसारखाच." असं आमचं चाललंय.

तुझा कॅमेरा घेतला. तू लिहिलं होतंस, "जुना, रोलचा, बॅटरीशिवाय चालणारा हवा. बाबांचे फोटो त्याच्यावरच काढायचेत. दादा, तूच निवड. कॅमेरा तुझ्याइतका कुणाला कळत नाही." हे शेवटचं वाक्य वाचून मी पत्राची घडी घातली आणि दोन दिवस उघडलं नाही. का, ते पुढे येईलच.

पहिला कॅमेरा एका जुन्या वस्तूंच्या दुकानात पाहिला. बाहेरून नवरदेवासारखा चकचकीत. एका सेकंदावर शटर लावून खटका दाबला, तर साहेब उघडले ते उघडेच राहिले. आतलं वंगण सुकलेलं. दुकानदार म्हणतो, "काका, एवढं कोण बघतं?" म्हटलं, "ज्याला दुरुस्त करावं लागतं तो." दुसऱ्याच्या लेन्समध्ये टॉर्च मारला तर आत बुरशीचं जाळं.

तिसरा मिळाला एका निवृत्त दंतवैद्यांकडे. त्यांनी तो दातांसारखाच सांभाळलेला. मागचं झाकण उघडून मी तो उजेडाकडे धरला, सगळ्यात जलद वेगावर खटका दाबला, तर अख्खी चौकट एकसारखी लखकन उजळली, एकही कड काळी नाही. सावकाश वेगावर आतून बारीक किर्र आवाज येतो आणि पडदा बरोबर वेळेला मिटतो. आरशाजवळचा स्पंज चिकट झाला होता, तो मी बदलला. उजेड मोजायचा काटा मात्र मेलेला आहे. तुला त्याची गरज पडत नाही, असं तुझ्या मुलाखतीत वाचलंय.

खरं सांगू? हा आपणच ठेवावा आणि तो बुरशीवाला पुसून तुला पाठवावा, असं माझ्या मनात आलं होतं. चार दिवस कॅमेरा माझ्या टेबलावर होता. दुरुस्तीचं दुकान उघडलं की इतरांच्या दुर्बिणी, प्रोजेक्टर बाजूला सारून मी आधी त्याचा खटका ऐकायचो. हा तुझ्या हातात जाणार, तू त्यातून काहीतरी काढणार आणि लोक वा वा करणार, या विचारानं माझ्या पोटात दुखायचं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही. पण दुखायचं, आणि आजही दुखतंय.

ती मुलाखत मला न्हाव्याकडे सापडली. त्याला न विचारता मी पान फाडून आणलं. त्यात तू म्हटलंयस, "सोळाव्या वर्षी माझ्या निष्काळजीपणामुळे आईचे शेवटचे फोटो गेले. तेव्हापासून मी रोलला हात लावला नाही." ते पान टेबलाच्या खणात आहे. दिवसातून दहा वेळा खण उघडतो, स्क्रूड्रायव्हर घेतो आणि बंद करतो.

चिंगे, तो तुझा निष्काळजीपणा नव्हता. म्हणजे होता, पण तेवढाच नव्हता.

आईला दवाखान्यातून घरी आणून तिसरा दिवस. ती मागच्या गच्चीत उन्हाला बसली होती. कॅमेरा मी साफ करून ठेवला होता, रोलही मीच आणला होता. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तुझ्या गळ्यात अडकवला. मला म्हणाले, "तुला कॅमेरा कळतो रे, पण फोटो हिला कळतो." तू ऐकलंही नसशील. मला ते अजून ऐकू येतं.

तू घाईघाईत रोल भरलास. झाकण लावून लिव्हर ओढलीस तेव्हाच मला दिसलं. रोल नीट अडकला असेल तर लिव्हरबरोबर डावीकडची घुंडी फिरते. ती फिरत नव्हती. रोलचं टोक आतल्या फिरकीतून निसटलं होतं आणि तू नुसताच खटका दाबत होतीस. मी तुझ्यापासून दोन हातांवर होतो.

वाटलं, दोन-चार फोटो जाऊ देत. कुणाला काय कळतं ते बाबांनाही कळू दे, मग सांगू. तेवढ्यात आई हसायला लागली. तू तिला काय सांगत होतीस कोण जाणे. तिनं शाल बाजूला टाकली, केस मोकळे केले. अख्ख्या आजारपणात औषधं मी दिली, रात्री मी जागलो, पण माझ्याशी ती तशी एकदाही हसली नव्हती. मी मिठाची गुळणी धरून बसलो. दहा झाले, वीस झाले. आता बोललो तर आधीपासून बघत होतो हे उघड होईल, म्हणून आणखी गप्प. रोलचे छत्तीस फोटो संपल्यावरही लिव्हर फिरली तेव्हा तू ओरडलीस, "दादा, सदतिसावा पण निघाला!" मी म्हणालो, "अरे वा."

आई गेली ती त्यानंतर नऊ दिवसांनी. नऊ दिवस होते माझ्याकडे. दुसरा रोल भरता आला असता. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज आई हाक मारायची ती तुलाच.

मग बाबांनी रोल धुतला, तो कोरा. ते तुला वाट्टेल ते बोलले. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालो, "होतं गं असं." आजवर केलेल्या सगळ्यात मला याचीच जास्त लाज वाटते.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. आधी तुला हवं तेवढं रागावून घे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू आलीस की तुझ्यादेखत सांगेन. या वयात त्यांना हे सांगू नकोस असं तू म्हणालीस, तर तेही ऐकेन. माझ्या सोयीनं आता काही ठरवत नाही.

हे पत्र कॅमेऱ्याच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवतोय. आत रोल भरलेला नाही, तो तूच भर. लिव्हर ओढलीस की डावीकडची घुंडी फिरते का ते बघ. प्रत्येक फोटोला बघ. मी शेजारी उभा असलो तरी माझ्यावर विसंबू नकोस.

ज्याला दिसत होतं तो,
दादा