बांधलेली झडप

जळगाव, जून १९७७

प्रिय कुंदा,

सभेत मी ‘बंधुभगिनींनो’ म्हणतो. आज ऐकणारी एकटी तू, आणि तक्रार आपल्या दोघांची. आपली धुरपदाअक्का जामनेरला सासरच्या विहिरीत सापडली, तेव्हा काठावर जमलेली माणसं म्हणाली, “बाईनं कधी तक्रार केली नाही.” ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सभांना जाणं मी सोडलं आहे.

म्हणून हल्ली भिकन मिस्तरीच्या गॅरेजात बसून असतो. पुखराजशेटने मुंबईहून जर्मन मोटार आणली आहे. भिकनकडे एकदा साफसफाईला आली आणि तेव्हापासून काळा धूर ओकून बंद पडू लागली. भिकन म्हणाला, “भाऊ, जगाची पुस्तकं वाचता, हिचं बी वाचा ना!” वाचलं. इंजिनात जाणारी हवा वाटेतली एक झडप ढकलते. जितकी हवा, तितकी झडप कलते. तिच्याबरोबर एक टोक पट्टीवरून सरकतं, विजेचा दाब बदलतो आणि तो निरोप तारेतून एका पेटीकडे जातो. पेटी त्या मापानं पेट्रोल सोडते. भिकनने ही झडप चोकची समजली आणि इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून तारेनं उघडी बांधून टाकली! आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना ते चालतं. इथे मात्र हवा किती का येईना, निरोप एकच: भरपूर आहे, भरपूर आहे. पेटीने विश्वास ठेवला आणि इंजिन पेट्रोलमध्ये बुडालं.

भिकनने तार कापली. गाडी शांतपणे सुरू झाली. तो हसत होता, आणि मी बाहेर जाऊन रडलो.

अक्काला कुणीही भेटो, उत्तर ठरलेलं: “बरी शे. बठ्ठं बरं शे.” मूल गेलं तेव्हाही तेच, सगळं बरं. आखाजीच्या सणाला, अक्षय्यतृतीयेला, माहेरी धाडली नाही तेव्हाही तेच. दारात मागे सासू उभी.

यंदा आखाजीला तू आली नाहीस. तुझ्यासाठी बांधलेला झोका रिकामाच राहिला. आई अजून तो सोडू देत नाही. परवा तोताराम कल्हईवाला तुझ्या सासरहून, साक्रीहून आला. म्हणाला, “भाऊ, पोरीच्या हातावर भाजल्याचा डाग शे. इचारलं, तर म्हने, बरी शे, बठ्ठं बरं शे. सासू मागंच व्हती.”

कुंदा, तुझ्या त्या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही.

कल्हई केलेलं पातेलं परत देताना तोताराम हे पत्र तुझ्या हातात देईल. वाचून चुलीत टाक. येत्या बाजाराच्या दिवशी साक्रीच्या बाजाराच्या तोंडाशी पुखराजशेटची मोटार उभी असेल. भिकन चालवायला, शेजारी मी. दागिने राहू दे, लुगडी राहू दे. भाजीची पिशवी घेऊन नेहमीसारखी घराबाहेर पड, आणि येऊन मोटारीत बस.

तुझाच भाऊ,
भाईदास