उजवा कौल

११ जानेवारी
मिळाला! उजवा कौल मिळाला! घाईत लिहितेय, अक्षर गेलं खड्ड्यात.

नंदू लिफ्ट दुरुस्त करताना शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. तेव्हापासून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, एकच धोशा — कोकणातल्या आपल्या गावच्या देवाला कौल लावा. म्हणजे देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझं माहेर नगरकडचं. आमच्यात देवाला विचारत नाहीत, नुसतं सांगतात!

आज गुरवांनी देवळातून व्हिडिओ कॉल केला. आईंना मोतीबिंदू. "अनुपमा, तूच बघ गो. माका दिसणा नाय." गुरवांनी विचारलं — नंदू आपल्या पायांनी चलतलो काय? आम्ही दोघी फोनला नाक लावून. पाकळी पडली, मी "उजवी!" म्हणून किंचाळले, तेवढ्यात नेटवर्क गेलं. नंतर गुरवांचा फोन आला, पण आई कुणाला बोलू देतील तर ना! "समाजला, समाजला!" म्हणत नवसाचा नारळ बोलल्या आणि फोन ठेवून दिला. मग रडल्या. मग शिरा केला.

डॉक्टर म्हणतात, आधाराशिवाय चालतील का ते आत्ता सांगता येणार नाही. नका सांगू! आमच्याकडे वरून उत्तर आलंय.

१२ जानेवारी
हॉस्पिटलात नंदूला सगळं अ‍ॅक्टिंगसकट सांगितलं. "झकास," म्हणाला. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनीही टाळ्या वाजवल्या.

२० जानेवारी
घरी आणला. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही — लिफ्टवाल्याच्या घराला! चाळकऱ्यांनी खुर्चीसकट उचलून वर आणला. हा वरून ऑर्डर सोडतोय, "सावकाश रे, नवरदेव आहे!"

२८ जानेवारी
व्यायाम सुरू. नंदू बोंबलतो, आई ऐकत नाहीत. "देवान शब्द दिल्यान हा. उठ, टाक पाय!" फिजिओवाल्या वसुधा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आई असताना माझी फी का देताय?"

५ फेब्रुवारी
वॉकर घेऊन किचनपर्यंत आला. कशाला? तळलेला बांगडा चोरायला. मार द्यावा की मिठी मारावी, कळेना. दोन्ही केलं.

१५ फेब्रुवारी
वाट लागली.

नणंद आली बोरिवलीहून, प्रांजल. तिला कौलाची गोष्ट रंगवून सांगितली. ही पाकळी इकडे, माझ्या उजव्या हाताला... प्रांजलचा चहाचा कप तसाच हातात राहिला. "वहिनी, तुझ्या उजव्या हाताला? अगं, उजवी बाजू देवाची बघतात. देव आपल्याकडे तोंड करून असतो ना?"

मी हसले आधी. मग कळलं.

म्हणजे देव नाही म्हणाला. आणि मी मूर्ख, घरभर 'हो' वाटत फिरले! प्रांजल म्हणाली, "आईला सांगू नकोस. दादाला तर मुळीच नको, पाय उचलायचा नाही तो." बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१६ फेब्रुवारी
"अनु, बघ बघ, एक हात सोडून!" त्याचा चेहरा केवढा फुलला होता. मला बघवेना.

२२ फेब्रुवारी
जोगेश्वरीच्या गुहेत जाऊन आले. देवीसमोर बसले आणि मनातल्या मनात सरळ भांडले. म्हटलं, गावच्या देवांना निरोप दे — तुम्हाला काय जात होतं हो म्हणायला? त्या म्हातारीने तुमचा शब्द उराशी धरलाय. मला विचारता येत नाही, मी सांगतेय. तो चालणार आहे. तुम्ही काय ते बघून घ्या!

बाहेर आल्यावर स्वतःचीच भीती वाटली. पण भूकही लागली. वडापाव खाल्ला. बरं वाटलं.

१ मार्च
वॉकर गेला, काठी आली! आईंनी काठीलाच हळदकुंकू लावलं. आता त्यांना गावी जाऊन नारळ फोडायचाय. तिथे गुरव भेटणार. ते खरं काय ते सांगणार.

३ मार्च
सकाळी आई भाजीला गेल्यावर बोलूनच टाकलं. "नंदू, कौल डावा होता रे. मी चुकीचं बघितलं."

चपला घालत होता. मान वर न करता म्हणाला, "माहितीये. आई ऐकेना म्हणून गुरवकाकांनी त्याच संध्याकाळी मला फोन केला होता."

मी ओरडलेच, "मग इतके दिवस कशाच्या जोरावर?"

"देव नाही म्हणाला, म्हणजे ऐकतोय तर खरा! मग परत विचारायला बंदी आहे का? रोज विचारतो. पाय टेकला की विचारतो."

काठी माझ्या हातात दिली आणि जिना उतरायला लागला.