काळीचा रंग

आई,

तुझी काळी धुळीने लाल झालीच नव्हती. हे कळायला मला तुझ्या मागे इतकी वर्षं लागली, आणि आता कळून उपयोग काय, तूच सांग.

इब्रामपूरहून, तुझ्या माहेरून आली तेव्हा ती कालवड होती, तव्याच्या बुडासारखी काळी. आपल्या साखळीकडच्या गावात खाणीखालच्या ओढ्याचं पाणी पिऊन ती आधी डोळ्यांभोवती, मग अंगभर तांबूस व्हायला लागली. शेजारीण म्हणाली, "खणीची धूळ ती. घांसल्यार वता." घासली की जाते म्हणे! झालं, तू हात धुऊन मागे लागलीस. ओढ्यात उभी करून तिला नारळाच्या सोडणाने घासतेयस, पाणीही लालच, आणि मी दावं धरून हसतेय. "हांसता कित्याक? दोळे सांबाळ तिचे," तू खेकसतेस.

गोव्याचं राज्य झालं तेव्हाचे ते दिवस. मराठी की कोकणी यावर दुकानासमोर माणसं हातघाईवर यायची, बाबाही त्यातच. काळी माजावर येईना, आली तरी गाभण राहीना. तू देवाला नारळ ठेवलास. शेवटी बाबांनी तिला घाटावरच्या व्यापाऱ्याला विकली. टेम्पो दारात उभा असताना, ती जायच्या आधी, तू तिला पुन्हा धुवायला घेतलीस. "म्हजी काळी काळीच वचूं दी," म्हणालीस आणि रडलीस.

मी आता सासरी, वाळपईकडे, दूध सोसायटीत कारकून आहे. घरी गोरू एकही नाही. परवा सोसायटीत गुरांचे डॉक्टर सांगत होते: पाण्यात लोह फार झालं की चाऱ्यातलं तांबं गुराच्या अंगी लागत नाही. काळे केस तांबूस पडतात, गाभ राहत नाही. भिजवलेल्या आंबोणात रोज थोडी तांबं असलेली मिनरल पावडर घालावी. मला त्यांचा रागच आला. न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण तू चिंचेने घासून लख्ख ठेवायचीस गं, आणि गोठ्यात त्याच तांब्याची वानवा! पावडरीने ती वाचली असती, असंही म्हणवत नाही. ओढा कुठे बदलणार होता?

आज माहेरी आलेय. गोठ्यात भावाची स्कूटर उभी आहे, गावात गुरं औषधालाही उरली नाहीत. ओढा लालच आहे. भाण माळ्यावर टाकलंय, हे पत्र त्यातच ठेवून जाईन.

एक सांगायचं राहिलं. येताना साखळीच्या बाजारात त्या पावडरीची पिशवी घेतली. दुकानदाराने विचारलं, "गोरवां कितलीं तुमचीं?"

मी म्हटलं, "एकूच. काळी."